धुक्याच्या भरवशावर

लहान विमानात बसण्याआधी आपलं वजन सांगावं लागतं, आणि ते खरं सांगावं लागतं. नामिबियातल्या वॉल्विस बेच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी हा प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारते. सामान वीस किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटात मावत नाही. माझ्या पुढच्या जर्मन जोडप्याने तिथेच फरशीवर बसून अर्धे कपडे आणि एक बुटांचा जोड बाजूला काढला. ज्या मुक्कामाला माणशी एका रात्रीचे लाखभर रुपये पडू शकतात, तिथे जाताना आधी घरचं सामान कमी करायला लावतात, हे मला आवडलं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘किनारे’ असं संपादकांनी कळवलं तेव्हाच ठरवलं होतं की कोकणावर लिहायचं नाही. त्यावर लिहिणारे माझ्याहून जाणकार लोक या अंकात असतीलच. मला असा किनारा पाहायचा होता जिथे बंदर नाही, माड नाहीत, मासळीबाजार नाही, आणि तरीही लोक हजारो किलोमीटरवरून फक्त राहायला येतात. अशा जागी पाहुणचार चालतो कसा, आणि त्याचे पैसे जातात कुठे, हे दोन प्रश्न घेऊन निघालो.

आपल्याकडे नामिबिया माहीत झाला तो चित्त्यांमुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथून आठ चित्ते कुनोला आले. त्यापलीकडे सांगायचं तर हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि माणसं जेमतेम तीस लाख. त्याच्या वायव्येला, उगाब नदीपासून अंगोलाच्या सीमेवरच्या कुनेने नदीपर्यंत, सुमारे पाचशे किलोमीटरची किनारपट्टी १९७१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे : स्केलेटन कोस्ट. दक्षिणेच्या भागात परवाना काढून आपली गाडी नेता येते. उत्तरेच्या भागात मात्र ज्यांच्याकडे सरकारी सवलतपट्टा आहे त्यांच्याबरोबरच जाता येतं. मी निघालो होतो त्या उत्तरेच्या भागात.

खालून जाणारी जहाजं

विमान फार उंच जात नाही. डाव्या खिडकीत अटलांटिक, उजव्या खिडकीत वाळवंट, आणि दोहोंच्या मधे फेसाची एक रेघ. हेंटीस बेच्या दक्षिणेला पाण्यात एक गंजलेला ट्रॉलर कलंडलेला दिसतो. त्याचं नाव ‘झेला’. २००८ च्या ऑगस्टमध्ये तो भंगार म्हणून एका भारतीय कंपनीला विकला गेला होता आणि दोराने ओढत मुंबईकडे निघाला होता. वॉल्विस बे सोडल्यावर थोड्याच वेळात दोर सुटला आणि ट्रॉलर किनाऱ्याला लागला. मुंबईत पोचता तर त्याचे पत्रे कापून केव्हाच वितळवले गेले असते. इथे पाणकावळ्यांनी त्यावर बिऱ्हाड केलं आहे आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात.

त्याच्या उत्तरेला केप क्रॉस. १४८६ मध्ये दिओगो काऊ या पोर्तुगीज दर्यावर्दीने इथे दगडी क्रूस उभारला. १८९३ मध्ये जर्मनांनी तो उपटून नेला, आणि तो परत देण्याचा निर्णय जाहीर व्हायला २०१९ साल उजाडलं. आज इथे गर्दी आहे ती सीलची. भर हंगामात लाख-दोन लाख सील एका खडकाळ भूशिरावर दाटीवाटीने पडलेले असतात. माहितीपत्रकात त्यांचे डोळे दिसतात, वास कळत नाही. नामिबियात दरवर्षी ठरावीक संख्येने सील कायदेशीर मारलेही जातात, हेही त्या पत्रकात नसतं.

या किनाऱ्याला पोर्तुगीज काय म्हणत आणि सॅन लोक काय म्हणत, ती दोन भयंकर वाक्यं प्रत्येक पत्रकात पहिल्या पानावर असतात. ती मी इथे देत नाही. ‘स्केलेटन कोस्ट’ हे नाव मात्र बरंच अलीकडचं. ते रूढ झालं जॉन मार्श यांच्या १९४४ च्या पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक आहे ‘डनेडिन स्टार’ या ब्रिटिश जहाजाबद्दल.

ती हकिगत सांगितल्याशिवाय हा किनारा कळत नाही. २९ नोव्हेंबर १९४२. महायुद्ध सुरू. एकशे सहा माणसं आणि युद्धसामग्री घेऊन निघालेलं जहाज पाण्याखाली कशावर तरी आपटलं. बुडण्यापेक्षा बरं म्हणून कप्तानाने ते किनाऱ्यावर चढवलं. मोटरबोटीने त्रेसष्ट जण वाळूवर उतरले, त्यांत बायका आणि तान्ही मुलंही होती. मग ती बोटच मोडली. उरलेल्यांना मदतीला आलेल्या जहाजांनी समुद्रातूनच उचललं. वाळूवरचे मात्र अडकले. लाटा अशा की होडी लावता येईना. विमानाने पाणी टाकलं तर त्यातलं बरंचसं आदळून सांडलं. एक व्हेंचुरा बॉम्बर जवळच उतरला आणि वाळूत रुतला. ‘सर चार्ल्स एलियट’ ही टग बोट मदतीला येऊन परतताना स्वतःच किनाऱ्याला लागली आणि तिच्यावरचे दोघे, अँगस मॅकिंटायर आणि मथायस खोराझेब, बुडाले. विंडहुकहून निघालेला ट्रकचा ताफा वाळू, नद्यांची पात्रं आणि मिठागरं पार करत कसाबसा पोचला. अडकलेला बॉम्बर पुढे उकरून बाहेर काढला, उडवला, तर तो थोड्याच वेळात समुद्रात कोसळला, वैमानिक वाचले. सगळ्यांची सुटका व्हायला जवळजवळ महिना लागला. ‘डनेडिन स्टार’वरचा एकही माणूस मेला नाही. मेले ते वाचवायला आलेले.

या किनाऱ्यावर पोचणं हाच मुख्य प्रश्न होता आणि आजही तोच आहे. लॉजवाले तो रोज सोडवतात, आणि पाहुण्याला कळू देत नाहीत.

थंड पाण्याची करणी

म्योवे बेची धावपट्टी म्हणजे सपाट केलेली खडीची जमीन. शेजारी उद्यानाच्या कर्मचाऱ्यांची चार घरं, बाकी वारा. विमानातून उतरल्यावर पहिली गोष्ट केली ती स्वेटर चढवण्याची. वाळवंटात आलो होतो आणि दात वाजत होते.

हे कसं, ते आमच्या गाइडने जीपच्या बॉनेटवर बोटाने नकाशा काढून समजावलं. तो सेस्फोंतेनजवळच्या वस्तीत वाढलेला, हेरेरो जमातीचा, बोलणं हळू, विनोद कोरडा. दक्षिण ध्रुवाकडून येणारा बेंग्वेला हा थंड प्रवाह या किनाऱ्याला घासून उत्तरेला जातो. दक्षिणेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी तळातलं आणखी गार पाणी वर येतं. त्याबरोबर तळाचं खतही वर येतं, म्हणून मासे अमाप, म्हणून सील अमाप. पण गार पाण्यावरची हवाही गारच राहते. जड हवा खाली बसते, वर चढत नाही. आणि हवा वर चढल्याशिवाय पाऊस नाही. कोकणात उबदार समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकून वर जातो आणि तीन-तीन हजार मिलिमीटर ओततो. इथे वर्षभरात वीस मिलिमीटर झाला तरी चांगलं वर्ष. समुद्र उशाशी आहे म्हणूनच ही जमीन कोरडी आहे, हे पचायला मला वेळ लागला.

पावसाऐवजी इथे धुकं येतं. वर्षातल्या शंभराहून जास्त दिवशी ते समुद्रावरून आत शिरतं आणि कित्येक किलोमीटर वाळवंटात पसरतं. त्यावर सगळं चालतं. नामिबच्या वाळूतला एक काळा भुंगेरा पहाटे टेकडीच्या माथ्यावर जाऊन शीर्षासन करतो. पाठीवर जमलेले थेंब घरंगळत तोंडात येतात. खडीच्या मैदानावर नारिंगी, राखाडी, पोपटी पापुद्रे दिसतात. ते दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याचेच हे भाऊबंद, फक्त इथे ते झाडाच्या सालीवर नसून गोट्यांवर आणि जमिनीच्या पापुद्र्यावर वाढतं, आणि इतकं सावकाश की एकदा गाडीचं चाक त्यावरून गेलं तर तो चरा कित्येक दशकं बुजत नाही. म्हणून गाइड मंडळी जुन्या चाकोरीतूनच गाडी हाकतात. चाकोरी सोडून फोटोसाठी जरा बाजूला घ्या म्हणणाऱ्या पाहुण्याला आमच्या गाइडने हसून नाही म्हटलं, आणि त्या नाहीवर अपील नव्हतं.

आतल्या बाजूला वेल्विचिया भेटते. दोनच पानं, जन्मभर तीच. वाऱ्याने चिरफाळून चिंध्या झालेली. काही झाडं हजार वर्षांहून जुनी. पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘कुणीतरी कचरा टाकलाय’ अशी होते, हे खरं सांगून टाकतो.

वाळूत रुतलेल्या खोल्या

म्योवे बेपासून उत्तरेला होआनिब आणि होआरुसिब या दोन नद्यांच्या मधे, वाळूच्या एका उंचवट्यावर शिपरेक लॉज आहे. २०१८ मध्ये सुरू झालं. नामिबियन वास्तुविशारद नीना मारित्झ यांनी दहा खोल्या फुटलेल्या जहाजांसारख्या काढल्या आहेत : उघड्या लाकडी बरगड्या, एका बाजूला झुकलेला सांगाडा, समुद्राकडे तोंड. कल्पना ऐकली तेव्हा मला ती जरा नाटकी वाटली होती. तिथे धुक्यात पाहिली तेव्हा वाटली नाही. इमारत डोळ्यांत खुपत नाही, एवढं तिथे पुरेसं आहे.

बांधकामात काँक्रीटचा पाया ओतलेला नाही. लाकडी खांबांवर सगळं उभं आहे, म्हणजे कराराची मुदत संपली की उचलून नेता येईल. वीज सौर. खोलीत एसी नाही. त्याऐवजी लाकडं जाळायची लोखंडी शेगडी आहे आणि रात्री ती लागते. पंखाही लागत नाही अशा वाळवंटातल्या हॉटेलात मी पहिल्यांदाच राहिलो.

ऐषआराम म्हणजे काय, हे मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या दारी कळतं. इथे काहीच पिकत नाही, काहीच मिळत नाही. कोथिंबिरीच्या जुडीपासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं ट्रकने येतं, वाळूवर टायरची निम्मी हवा सोडून. परत जाताना तोच ट्रक कचरा घेऊन जातो. ट्रक आला नाही तर पर्याय नाही, म्हणून कोठीघर जहाजावरच्यासारखं आखलेलं : काय आधी संपवायचं, काय गोठवायचं, काय पावडरीचं वापरायचं. कोठीवरच्या बाईंनी मला दुधाच्या पावडरीचे डबे दाखवले ते मालमत्ता दाखवावी तसे. टेबलावर तीन टप्प्यांत जेवण येतं, वाइन येते, पण पाहुणा खरा पैसे मोजतो ते त्या ट्रकचे, डिझेलचे, विमानाचे आणि चादरी धुण्याच्या पाण्याचे. ‘एवढे महाग का?’ याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. उरलेलं अर्धं म्हणजे माणसं कमी ठेवण्याची किंमत. शंभर खोल्या बांधल्या तर दर खाली येईल, आणि पाहायला आलो ते संपेल.

सकाळ-संध्याकाळ गाडी निघते. होआरुसिबच्या पात्रात मातीचे उंच कडे आहेत, किल्ल्याच्या बुरुजांसारखे सुळके झालेले. एके काळी वाळूच्या टेकड्यांनी नदी अडवली, गाळ साठला, मग नदीने तो पुन्हा कापला, त्याचे हे अवशेष. वाळूवर जांभळट लाल पट्टे दिसतात ते गार्नेटचे; काळे पट्टे लोहचुंबकाला चिकटतात. आणि एका उंच टेकडीच्या कड्यावर बसून खाली घसरायचं. वाळू सरकायला लागली की टेकडीच्या पोटातून घुमण्याचा आवाज येतो, लांबून विमान यावं तसा. एकसारख्या आकाराचे, पूर्ण कोरडे कण एका लयीत एकमेकांवर घासतात आणि सगळी उतरंड कंप पावते. पोटाखाली तो कंप जाणवतो. आमच्यातले सत्तरीचे एक गृहस्थ तीनदा वर चढले.

किनाऱ्यावर देवमाशांची हाडं पडलेली असतात, कोल्हे सीलच्या पिल्लांच्या मागावर फिरत असतात आणि तपकिरी तरसाचे ठसे लॉजच्या पायऱ्यांपर्यंत येतात. तरस स्वतः मला दिसलं नाही.

नदी जमिनीखालून जाते

होआनिब वर्षातले बहुतेक दिवस कोरडी असते. आतल्या डोंगरात पाऊस झाला तर काही तास, काही दिवस वाहते, आणि बहुतेक वेळा समुद्रापर्यंत पोचतच नाही. वाळूच्या टेकड्या तिला अडवतात. पण पात्राखाली पाणी असतं. त्यावर ॲना नावाची, बाभळीच्या कुळातली मोठी झाडं उभी आहेत. इतर झाडं निष्पर्ण होतात तेव्हा, कोरड्या दिवसांत, ही हिरवी असतात आणि शेंगा टाकतात. त्या शेंगांवर हत्ती जगतात.

होय, हत्ती. वाळवंटातले हत्ती ही वेगळी जात नाही. आफ्रिकेतले साधेच हत्ती, पण पिढ्यान् पिढ्या शिकलेले. पाय आणि सोंडेने पात्र उकरून पाणी काढतात, आणि त्या खड्ड्यांवर मग ओरिक्स, माकडं, पक्षी सगळे येतात. कुठल्या वळणावर पाणी वर आहे हे कळपातल्या म्हाताऱ्या मादीला ठाऊक असतं. ती मेली की ते ज्ञानही जातं.

सिंहांची गोष्ट अवघड आहे. ऐंशीच्या दशकात या किनाऱ्यावर सिंह होते. दशक संपेपर्यंत माणसांशी झालेल्या संघर्षात ते नाहीसे झाले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डॉ. फिलिप स्टँडर यांनी वाळवंटात उरलेल्या मोजक्या सिंहांचा माग काढायला सुरुवात केली. पुढे संख्या वाढली आणि सिंह पुन्हा समुद्रापर्यंत आले. तरुण सिंहिणी पाणकावळे, रोहित पक्षी आणि सील मारून खातात, हे स्टँडर यांनी २०१९ मध्ये शोधनिबंधात मांडलं. लाटांच्या फेसाशी सिंहीण, हा फोटो जगभर फिरला.

फोटोच्या बाहेर गुराखी आहे. होआनिबच्या वरच्या अंगाला हिंबा, हेरेरो, दामारा लोकांच्या शेळ्या, गाई, गाढवं चरतात. दुष्काळ पडला की रानातली जनावरं संपतात आणि सिंह गोठ्याकडे वळतो. ‘व्हॅनिशिंग किंग्ज’ या २०१५ च्या माहितीपटात पाच तरुण सिंहांची एक टोळी आहे. जगभर ते लाडाच्या नावाने ओळखले गेले. त्यातल्या तिघांना पुढच्याच वर्षी विष घालून मारलं गेलं. आज पाचांतला एकही नाही. उलट बाजूही घडते : मे २०२५ मध्ये याच नदीच्या खोऱ्यात तंबूत उतरलेल्या एका माणसाला सिंहिणीने मारलं. गाइडला मी विचारलं, तुझ्या घरी कुणाची बाजू घेतात? तो म्हणाला, आईची शेळी गेली त्या दिवशी शेळीची, आणि पगार झाला त्या दिवशी सिंहाची.

पैसे कुणाच्या दारात

म्हणून निघताना घेतलेला दुसरा प्रश्न, पैसे जातात कुठे, महत्त्वाचा. वर्णद्वेषी राजवटीत खासगी गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या वन्य प्राण्यांवर कायद्याने हक्क होते. सामायिक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या पशुपालकांना ते नव्हते. त्यांनी हरीण मारलं तर ती चोरी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गार्थ ओवेन-स्मिथ यांनी गावप्रमुखांना गाठून गावातलीच माणसं राखणदार म्हणून नेमायला लावली. शिकार तिथूनच आटोक्यात यायला लागली. ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसन यांना त्यासाठी १९९३ चा गोल्डमन पुरस्कार मिळाला. स्वतंत्र नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावकऱ्यांच्या संघटनांना, म्हणजे ‘कॉन्झर्व्हन्सीं’ना, तेच हक्क दिले. १९९८ मध्ये पहिल्या चार स्थापन झाल्या. आता ऐंशीहून जास्त आहेत.

शिपरेक लॉज ज्या पट्ट्यावर आहे, त्यात पुरोस आणि सेस्फोंतेन या शेजारच्या कॉन्झर्व्हन्सी भागीदार आहेत. म्हणजे पर्यटन कंपनी आणि उद्यानालगतची गावं यांचा तो करार आहे. गावांना उत्पन्नात वाटा मिळतो आणि पोरांना नोकऱ्या : गाइड, स्वयंपाकी, ट्रक चालवणारे. त्या पैशातून राखणदारांचे पगार निघतात, शेळी गेली तर थोडीफार भरपाई निघते. ‘थोडीफार’ हा शब्द मी जपून वापरतोय. गेलेल्या गाईची पूर्ण किंमत कुणालाच मिळत नाही, आणि समितीने पैसे कुठे खर्च केले यावर इथल्या ग्रामसभाही आपल्यासारख्याच तापतात. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा हा सगळा डोलारा पाहुण्यांवर उभा आहे हे उघडं पडलं. राखणदारांचे पगार देणग्यांवर काढावे लागले.

तरी माझं मत असं, की हा सौदा वाईट नाही. वेळासला कासवं पाहायला जातो तेव्हा आपण गावातल्याच घरात उतरतो, आणि अंडी राखणाऱ्या गावाला त्यातून चार पैसे मिळतात; तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की वेळासचं जेवण कुणालाही परवडतं, आणि इथे ज्यांच्या शेजारी सिंह राहतो त्यांच्यापैकी कुणी पाहुणा म्हणून या लॉजमध्ये कधी राहणार नाही. किनाऱ्याचं ओसाडपणही पूर्ण नैसर्गिक नाही. वाळूत दगडांची वर्तुळं सापडतात. शिंपले आणि देवमाशाच्या मांसावर जगणारे लोक तिथे झोपड्या घालून राहत असत. नंतर उद्यान झालं, हद्द आखली गेली. जे रितेपण आज विकलं जातं, ते काही अंशी आखून केलेलं आहे. लॉजच्या माहितीत हेही असावं, एवढी माझी अपेक्षा.

ज्यांना हा किनारा पाहायचा आहे आणि लाखभर रुपये एका रात्रीवर घालायचे नाहीत, त्यांनी दक्षिणेचा भाग धरावा. स्वाकोपमुंडहून मिठाच्या रस्त्याने उत्तरेला निघायचं, उगाबच्या फाटकावर परवाना घ्यायचा. फाटकावर कवटी आणि हाडं रंगवलेली आहेत, ती न चुकता दिसतात. आत टेरेस बेला सरकारी विश्रामगृह आहे. तिथे गळ टाकायला आलेले लोक जास्त आणि मेणबत्त्यांची जेवणं कमी, पण धुकं, थंड पाणी आणि सील तेच. जादा टायर आणि पिण्याचं पाणी बरोबर असू द्या, चाकोरी सोडू नका, आणि त्याच दिवशी पार होणार असाल तर फाटकावर दुपारी तीनच्या आत पोचा. त्यानंतर आत सोडत नाहीत.